पंख्याखालचा बाक

पहिलीच्या वर्गात गालगुंडांची साथ आली होती आणि परीक्षक मात्र ठरल्या वेळी हजर झाले होते. एकतीसपैकी सव्वीस मुलं गाल फुगवून घरी बसली होती. उरलेल्या पाचांना त्यांच्या आयांनी धसका घेऊन पाठवलंच नव्हतं. आणि याच मुलांना शिकवून दाखवून आठ जणांना आज प्राथमिक शिक्षक व्हायचं होतं.

"मग मी निघतो," परीक्षक म्हणाले. "आता सहा महिन्यांनी."

सहा महिने थांबणं काकूंना परवडणारं नव्हतं. काकू म्हणजे आठ उमेदवारांतल्या सगळ्यात थोरल्या, बेचाळीस वर्षांच्या. बाकीची विशी-बाविशीची पोरं त्यांना काकू म्हणत, म्हणून प्राचार्यबाईही म्हणू लागल्या होत्या. नऊ वर्षं त्या एका शिशुवर्गात मदतनीस होत्या. नाकं पुसणं, हरवलेला बूट शोधणं, दुपारी तीस मुलांना थोपटून निजवणं, सगळं त्यांच्याकडे. पण शिक्षिका म्हणवून घ्यायला कागद लागतो, आणि शाळेने स्पष्ट सांगितलं होतं की सुट्टी लागायच्या आत कागद आणा, नाहीतर आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल. पहिल्या खेपेला परीक्षेच्याच दिवशी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. दुसऱ्या खेपेला काकूंनी तक्ता उलटा लावला आणि पाठ संपेपर्यंत ते कोणाच्याच लक्षात आलं नाही, फक्त परीक्षकांच्या आलं. ही तिसरी खेप होती.

"थांबा साहेब," प्राचार्यबाई म्हणाल्या. "एकाने शिकवायचं, बाकीच्या सात जणांनी मुलं व्हायचं. वर्षभर सरावाला हेच तर करतात."

परीक्षकांनी सुस्कारा सोडून कागद काढले. सात मोठी माणसं सहा वर्षांच्या मुलांच्या बाकांत गुडघे हनुवटीला लावून बसली. काकूंनी शेवटचा बाक धरला, कारण वर्गातला एकुलता एक चालू पंखा त्याच्यावर होता.

पहिला पाठ त्यांतल्या एका चष्मेवालीचा. सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं की एकमेकांना सांभाळून घ्यायचं. तिने प्रश्न विचारला की सात हात वर, आणि सगळी उत्तरं बरोबर. परीक्षकांचं तोंड कडू झालं.

"अशी मुलं मी पस्तीस वर्षांत पाहिली नाहीत. वर्ग सांभाळण्याचे वीस गुण आहेत, ते कशाचे देऊ? जरा मुलांसारखं वागा की!"

साहेबांनीच परवानगी दिल्यावर काय! दुसरा पाठ सगळे जिला बडबडी म्हणत तिचा होता. त्यात लांबूने, म्हणजे सगळ्यांत उंच पोराने, चार वेळा शू लागल्याचं सांगितलं आणि चौथ्या वेळी खरोखरच जाऊन आला. तिसरा पाठ लांबूचा. त्यात बडबडीने पहिल्या मिनिटापासून "आई पाहिजे" म्हणून जो टाहो फोडला तो घंटा होईपर्यंत. पुढे प्रत्येक जण आपलं उट्टं काढत गेला आणि वर्गाचा बाजार झाला.

या सगळ्या गोंधळात काकू गाढ झोपल्या होत्या. सोंग नव्हतं. डोक्यावर पंखा, समोर कोणीतरी एकसुरात शिकवतंय आणि त्यांच्याकडे कोणी काहीही मागत नाही, असा योग त्यांच्या आयुष्यात बऱ्याच वर्षांनी आला होता.

बडबडीने आपल्या पाठात त्यांना गदागदा हलवून उठवलं होतं. परीक्षक म्हणाले, "मूल का झोपलं ते न विचारता उठवलंत. दोन गुण वजा." ते ऐकून लांबूने त्यांना झोपू दिलं. "मुलाकडे दुर्लक्ष. दोन गुण वजा." चौथ्या मुलीने शहाणपणाने काकूंच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाळ, तुला झोप का येते?"

काकूंना अर्धवट जाग आली आणि डोक्यावरून फिरणाऱ्या हाताने त्यांचा बांधच फुटला. "साडेचारला उठते गं. चार डबे, सासूबाईंचं औषध, टाकीत पाणी, नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री..."

"नवऱ्याच्या?" परीक्षकांचं पेन थांबलं. "सहा वर्षांच्या मुलीला?"

"भातुकलीतला आहे, साहेब," चष्मेवाली पटकन म्हणाली.

तरी दोन गुण गेलेच. मुलीने उत्तर दिलं, पण बाईंनी पुढे काही विचारलं नाही म्हणे. सातवा पाठ संपेपर्यंत चष्मेवाली सोडून सगळ्यांचे दोन-दोन गुण काकूंच्या झोपेने खाल्ले होते.

"काकू, तुमची झोप आम्हाला चांगलीच भोवली," लांबू म्हणाला.

"अरे, मी काय मुद्दाम झोपते का?"

"आम्हीसुद्धा मुद्दाम नाही झोपणार," असं म्हणून त्याने बाकीच्यांना डोळा मारला.

शेवटचा पाठ काकूंचा. खिडकीतून ऊन तोंडावर यायला लागलं म्हणून परीक्षक खुर्ची सोडून काकूंच्या रिकाम्या बाकावर, पंख्याखाली जाऊन बसले. काकूंनी टेबलावर शिवणाच्या डब्यातली बटणं ओतली, फळ्यावर तारीख घातली, आणि वळून बघतात तर सातही डोकी बाकांवर! लांबू तर घोरत होता.

काकूंना आधी राग आलाच नाही, हेवा वाटला. मग शाळेतलं ते 'दुसरी बाई बघावी लागेल' आठवलं. पण नऊ वर्षं मुलं निजवलेल्या बाईला खरी झोप आणि सोंग यांतला फरक कोणी शिकवायचा?

"अगं बाई, सगळी झोपली की!" त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "पण खरी झोपलीत का बघायला हवं. खऱ्या झोपलेल्या मुलाचा डावा पाय हलतो."

क्षणभर काहीच झालं नाही. पण लांबू सकाळपासून सहा वर्षांचा होता आणि तो त्यात फार रुळला होता. त्याचा डावा बूट हलला. मग चष्मेवालीची चप्पल हलली. बघता बघता सात डावे पाय हलले. वर्गात एकच पाय तेवढा हलला नाही. पंख्याखालच्या बाकावर परीक्षक तोंड उघडं टाकून झोपले होते आणि त्यांच्या पेनाची रेघ गुणपत्रकावरून उतरत बाकावर गेली होती.

सातही जणांनी डोकी वर केली. बडबडीने तोंड उघडलं.

"श्श!" काकूंचं बोट आपोआप ओठांवर गेलं.

"उठवा त्यांना," लांबू कुजबुजला. "तुमचा पाठ बघणार कोण?"

तेही खरंच होतं. उठवलं तर साहेब ओशाळणार, आणि ओशाळलेला माणूस गुण देताना हात आखडतो. न उठवलं तर न पाहिलेल्या पाठाला गुण कुठले? काकू दबकत शेवटच्या बाकापर्यंत गेल्या, हात पुढे केला आणि मागे घेतला. जवळून तो चेहरा इतका थकलेला दिसत होता, की त्यांना कसंतरीच झालं.

"निजू दे," त्या म्हणाल्या. "या सगळे इकडे, टेबलापाशी."

सगळा पाठ कुजबुजत झाला. तीन लाल बटणं आणि चार पांढरी, मिळून किती? सांगायचं असेल तर बाईंच्या कानात सांगायचं. बडबडी जन्मात पहिल्यांदा हळू बोलली. लांबू रांगेत उभा राहिला. आपण मोठे आहोत हे विसरून चष्मेवालीने आणखी एक गणित मागून घेतलं.

घंटा झाली तसे परीक्षक दचकून सावरून बसले. टेबलाभोवती चिडीचूप उभी असलेली मुलं त्यांनी पाहिली आणि मग बराच वेळ, अगदी गंभीरपणे, लिहीत राहिले. उत्तीर्ण व्हायला साठ गुण लागत होते.

"वर्गनियंत्रण उत्तम," ते वाचू लागले. "साहित्य साधं, पण छान. मात्र आवाज! बाई, तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतच नाही. मला एक शब्द ऐकू आला नाही. चार गुण वजा. एकूण अठ्ठावन्न."

लांबू ताडकन पुढे झाला. काकूंनी त्याचा खांदा दाबून त्याला थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. युक्ती लढवायचं त्राण उरलं नव्हतं, म्हणून त्या खरं तेच बोलल्या.

"शेवटच्या बाकावरचं मूल झोपलं होतं, साहेब. फार दमलेलं दिसत होतं. म्हणून हळू बोलले."

"कोणतं मूल?" परीक्षकांनी कागद चाळले. "सातही तुमच्याभोवती होती. शेवटच्या बाकावर तर मी..."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पहाटे तीनची गाडी होती," ते कागदाकडे बघत म्हणाले.

मग त्यांनी वजा केलेले चार गुण खोडले, शेजारी नियमाप्रमाणे सही केली आणि शेऱ्यात लिहिलं: 'आवाज प्रसंगाला साजेसा.'

"बासष्ट," ते इतक्या हळू म्हणाले, की काकूंना दोनदा विचारावं लागलं.