एका पाळीचा हंडा

पद्मल मगदूम यांनी जुन्या पॉलिस्टर साड्या भाजून केलेल्या हंड्यात यंत्रमागाच्या एका अख्ख्या पाळीचा खडखडाट मावत असे. पाणी मात्र थेंबभरही टिकत नसे.

यात नवल करण्यासारखं गावात कुणाला काही वाटलं नाही. पंचगंगेकाठचं मागांचं गाव, कापड विणलं जातं तेच मुळी गोंगाटात. उभ्या-आडव्या धाग्यांमध्ये गोंगाटाची म्हणून थोडी जागा राहतेच. सुती कापड ती जागा चार धुण्यांत घालवून बसतं. पॉलिस्टर घालवत नाही. पॉलिस्टरला एकदा नीट चटका दिला, की लागली ती सवय जन्माची. प्लीट मारलेली ओढणी दहा वर्षांनीही प्लीट सोडत नाही, हे कुठलीही बाई सांगेल.

पद्मलकाकूंची रीत साधी होती. साड्यांच्या पाकळ्या कापायच्या, पालथ्या माठावर एकीवर एक रचायच्या, वर बेकरीचा कागद ठेवून कडक इस्त्री दाबायची. सुई नाही, दोरा नाही, डिंक नाही. थर एकमेकांना धरून बसतात. त्याआधी काही पाकळ्यांत गोट्या बांधून त्या इडलीपात्रात वीस मिनिटं वाफवायच्या. गोट्या काढल्या की टेंगळं तशीच राहतात. जाड आवाज पोटात जातो, बारीक आवाज टेंगळांत. हंड्याचं तोंड कमळासारखं होतं आणि आवाज आत घेताना त्याच्या पाकळ्या किंचित हलत. भरला, की ओढ्याकाठी नेऊन उपडा करायचा. तिथल्या म्हशींची काही तक्रार नव्हती.

एक गोष्ट मात्र काकू सांभाळून असत. भाजल्यावर कापडाचा मूळ स्वभाव पक्का होतो. एका निवृत्त मास्तरणीच्या साडीचा त्यांनी वाडगा केला, तर तो एका वेळी एकच आवाज आत घेई आणि बाकीच्यांना बाहेर रांगेत उभं करी. तेव्हापासून कुणाचं कापड आहे हे विचारल्याशिवाय त्या इस्त्री तापवत नसत.

तर झालं असं, की मगदुमांच्या चोवीस मागांची आणि शाळेची भिंत एकच, आणि दहावीच्या परीक्षेचं केंद्र यंदा त्या शाळेत आलं. मुख्याध्यापिका ठोंबरे बाई स्वतः घरी आल्या.

"एक तर परीक्षेचे दिवस माग बंद ठेवा, नाहीतर तुमचा तो हंडा माझ्या खिडकीत ठेवा," त्या म्हणाल्या. "पण हंड्यावर वजनमापांचा शिक्का हवा. उद्या एखाद्या पालकानं विचारलं, हंडा मापात आहे का, तर मी काय सांगू?"

काकूंचे यजमान बाळगोंडा पस्तीस वर्षं मागांत राहून कानानं जड झाले होते, पण 'बंद' हा शब्द त्यांना बरोबर ऐकू आला.

"बंद ठेवून कसं चालंल वो?" ते म्हणाले. "बारा कारागीर हायत. माग थांबला की दुसऱ्याच्या मागावर जाऊन बसत्यात. एकदा बसला माणूस की परत येतोय व्हय?"

"थांबायचे नाहीत," काकू म्हणाल्या. "शिक्का आणू."

त्यांनी अर्ज केला. हंड्याचं रिकामं वजन चारशे बारा ग्रॅम, असं त्यात लिहिलं. परीक्षेला तीन दिवस उरले असताना वजनमापांचे निरीक्षक केळुसकर ठीक अकरा वाजता आले. मालवणकडचे गृहस्थ. प्रत्येक कामाला त्यांची वेळ ठरलेली. आधी त्यांनी चौदा लिटर पाणी ओतलं, ते सगळं फरशीवर आलेलं पाहिलं आणि लिहिलं, 'पाणी : शून्य. बाकी ठीक.' मग हंडा तराजूत ठेवला.

"चारशे एकतीस," ते म्हणाले. "एकोणीस ग्रॅम जास्त. आत काय आहे?"

काकूंनी कान लावला. आत कुणीतरी अंगाई म्हणत होतं.

शेजारच्या शेवंता भोजे परवा नातवाला झोपवायला हंडा घेऊन गेल्या होत्या. त्यांना हाक मारली. त्या हात पुसत आल्या.

"घातली की मी अंगाई," त्या म्हणाल्या. "दोन कडवी. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायला आमी काय दळिद्री हाय?"

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"ह्याला सांगायला लागतंय व्हय, सायेब?"

केळुसकरांनी पेन उघडलं. "रिकामं करा. रिकाम्या भांड्याचं वजन घेतल्याशिवाय नियमानं पुढं जाता येत नाही."

"शेजारणीनं घातलेलं ओतून टाकायचं?" काकूंनी विचारलं.

"ओढ्यावर नेऊन टाका."

शेवंताबाईंनी पदर खोचला. "टाका की. म्हशींला तरी झोप लागंल. परत माज्या दारात भांडं मागायला येऊ नगा म्हंजे झालं."

"मग शिक्का मिळणार नाही," केळुसकर म्हणाले. ते पुढे 'नामंजू' एवढं लिहून थांबले, कारण दीड वाजला होता. पेन मिटलं, रुमालावर ठेवलं. दीड ते दोन ते जेवत, आणि दोनला हात धुवायला पाच मिनिटं घेत. पंचवीस वर्षांत यात बदल नव्हता.

त्यांनी डबा उघडला. शेवंताबाई भांडून घरी गेल्या खऱ्या, पण माणूस दारात कोरडी पोळी खातोय हे बघवेना, म्हणून कटाच्या आमटीची वाटी पाठवून दिली. केळुसकरांनी ती शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. दोनला ते मोरीवर गेले. वाटी विसळली, पुसली, डब्याच्या झाकणातलं उरलेलं कोकमाचं लोणचं त्यात काढलं आणि वाटी शेजारी पोचवायला काकूंपुढे धरली.

काकूंनी वाटी हातात घेतली नाही. 

"साहेब, हे काय?"

"लोणचं. आमच्या सौ.च्या हातचं."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

केळुसकरांनी वाटीकडे पाहिलं, मग हंड्याकडे. दोन वाजून पाच मिनिटं झाल्यावर खुर्चीत बसून त्यांनी पेन उघडलं, 'नामंजू' खोडलं आणि 'रिकामे वजन' या रकान्यात लिहिलं, 'या भागात भांडे रिकामे असण्याचा प्रसंग येत नाही. वापरातील वजन : ४३१ ग्रॅम. मंजूर.' मग त्यांनी हंडा भिंतीशी धरला. चोवीस मागांचा खडखडाट अंगाईला धक्का न लावता आत जाऊन बसला.

आता शिक्का. तांब्या-पितळेवर ठोकायचा तो ठसा त्यांनी हंड्यावर ठोकला असता तर भोक पडलं असतं. शाईनं मारला, तर तो ओघळला.

"कापडावर मारून द्या, मी भाजून बसवते," काकू म्हणाल्या. चिंधी शोधायला त्या वळल्या, तोवर केळुसकरांनी आपल्या टेरिलीनच्या रुमालाचा कोपरा कापून त्यावर शिक्का मारलासुद्धा. सरकारी शिक्का परक्या कापडावर मारता येत नाही, असं ते म्हणाले.

काकूंनी तो तुकडा हातात घेतला. कापड कुणाचं, हे विचारायची या वेळी गरज नव्हती. त्यांनी बेकरीचा कागद ठेवला आणि इस्त्री दाबली.

साहेब गेल्यावर त्या मागावर गेल्या आणि बाळगोंडांच्या चांगल्या कानाशी म्हणाल्या, "परीक्षेच्या दिवसांत कारागिरांची जेवणाची सुट्टी बाराला नको. दीडला द्या."

"का?"

"शिक्का बसलाय."

 बाळगोंडांनी बाराही जणांना सांगितलं, आणि जेवायला उशीर होतो म्हणून कुणी माग सोडून गेलं नाही.

पहिला पेपर मराठीचा. अकराला चोवीस माग सुरू झाले. वर्गांत तीनशे मुलांच्या पेनांची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. ठोंबरे बाई खिडकीपाशी उभ्या राहून तिथे ठेवलेल्या हंड्यावरचा शिक्का वाचत होत्या. दीडच्या ठोक्याला हंड्याच्या पाकळ्या एकेक करून मिटल्या. भिंतीपलीकडे त्याच क्षणी माग थांबले आणि डबे उघडल्याचा आवाज आला. तो किरकोळ होता. एका मुलानं मान वर केली, भाकरीचा वास घेतला आणि निबंधाचा शेवटचा परिच्छेद सुरू केला.

दोनला घंटा झाली. पेपर गोळा झाले. कारागीर मागांवर उभे राहिले, पण बाळगोंडांनी हात वर करून त्यांना थोपवलं.

"पाच मिनिटं दम धरा," ते म्हणाले. "हंडा हात धुतोय अजून."