चौथी ओळ

"बाबा, हे बघा. इथे गिटारचे कॉर्ड टाकायचे, इथे ठेका निवडायचा, आणि हे बटण दाबायचं. बस्स!"

मुलीने बटण दाबलं आणि चष्म्याच्या दुकानामागच्या चिंचोळ्या खोलीत अख्खा वाद्यवृंद अवतरला. ड्रम, बेस, पियानो, सगळे एकदम. फ्रेमच्या खोक्यांवर बसलेले चष्मेवाले दचकून उठलेच.

"अगं, हे वाजवतंय कोण?"

"कुणीच नाही. वेबसाइट वाजवते. तुम्ही फक्त सांगायचं, कुठला कॉर्ड कधी."

"फुकट?"

"फुकट."

चष्मेवाल्यांनी कोपऱ्यातली गिटार काढली, फुंकर मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या चार कॉर्डना मागून कुणीतरी साथ दिली. चौथ्या कॉर्डवर येऊन गाणं अलगद टेकलं, तसे त्यांचे डोळे भरून आले. "हा ड्रमवाला मला सांभाळून घेतो गं!" ते म्हणाले. दिवसभर त्यांनी गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावला तोही ठेक्यात.

एवढ्या आनंदाला कारण होतं. बत्तीस वर्षांपूर्वी, लग्न ठरल्यावर, त्यांनी होणाऱ्या बायकोसाठी एक गाणं रचलं होतं. चारच ओळींचं. तिच्या घरी दिवाणखान्यात सगळ्यांसमोर ते म्हणायला बसले, तीन ओळी झाल्या, आणि सासऱ्यांनी सहज घसा खाकरला. चौथी ओळ जी घशात अडकली ती अडकलीच. तेव्हापासून बायकोने त्यांना 'अर्धवट' ही पदवी बहाल केली होती, आणि त्यांनी ती पुराव्यानिशी टिकवली होती. गॅलरीची खिडकी अर्धी रंगवलेली होती. पुस्तकांच्या कपाटाला एकच दार बसलं होतं.

आता बायको, म्हणजे इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर, निवृत्त होत होत्या. निरोपसमारंभ शनिवारी होता आणि चष्मेवाल्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, की त्या दिवशी चौथी ओळ म्हणायचीच. नाही म्हटली, तर मरेपर्यंत अर्धवट.

बेत चोख आखला होता. पहिल्या तीन ओळी भूल देणारे डॉक्टर म्हणणार. त्यांचा आवाज इतका खर्जातला होता, की पेशंट अर्धा तर गप्पांतच झोपायचा. चौथ्या ओळीच्या जागी नुसती वाद्यं वाजणार. अशा चार फेऱ्या. आणि शेवटच्या फेरीत चौथी ओळ स्वतः चष्मेवाले गाणार. ती संपली की मुलीने लॅपटॉपवरचं बटण दाबायचं, कारण ही वेबसाइट आपणहून थांबत नाही, पुन्हापुन्हा पहिल्यापासून वाजवत राहते.

लॅपटॉप घरचा होता. सकाळी तो दुकानात जायचा, संध्याकाळी परत यायचा, आणि मोठ्या सिस्टर त्यावर परिचारिकांच्या ड्यूट्या लावायच्या. "काय करता हो त्यावर दिवसभर?" असं त्यांनी एकदाच विचारलं. "नंबर तपासतो," चष्मेवाले म्हणाले. त्या गालातल्या गालात हसल्या, पण चष्मेवाले तेव्हा चष्मा पुसत होते.

शनिवारी सकाळी शेवटची तालीम व्हायची होती. नेमकी एका शाळेतली सगळी शिक्षकमंडळी डोळे तपासायला आली आणि तालीम राहिली. "राहू दे. पाठ आहे मला!" चष्मेवाले म्हणाले आणि गिटार उचलून निघाले.

इस्पितळाचं सभागृह गच्च भरलं होतं. मोठ्या सिस्टर पहिल्या रांगेत, हातात फुलं घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याला गिटार घेऊन येताना पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. मुलीने बटण दाबलं आणि फोन घेऊन चित्रीकरणाला पुढे धावली. डॉक्टरांनी सूर लावला:

"धावत येतेस, धावत जातेस, जरा तरी थांब,
चहा झालाय गार आणि रस्ता आहे लांब,
एक ओळ तुझ्यासाठी, एक ओळ माझी..."

चौथ्या ओळीच्या जागी वाद्यं वाजली. टाळ्या पडल्या. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

तो लगेच भांड्यातून बाहेर आला, कारण दुसरी फेरी एक सूर वर सुरू झाली. आणि जरा पळतही होती.

चष्मेवाल्यांना चारच कॉर्ड येत होते! पण गिटारच्या गळ्याला लावायचा एक चिमटा त्यांच्याकडे होता. तो एक घर पुढे सरकवला, की तेच चार कॉर्ड एक सूर वर वाजतात. त्यांनी खिशातून चिमटा काढला, खटकन लावला आणि ठेका पकडला. तिसऱ्या फेरीला सूर आणखी वर आणि वेग आणखी जास्त. पुन्हा खटकन! डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. ऑपरेशनच्या मध्येच शुद्धीवर आलेल्या पेशंटकडे पाहावं तसं.

"हे काय चाललंय?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"गा हो, गा! थांबू नका!"

चौथी फेरी आली. तीन ओळी झाल्या. चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पाचव्या फेरीसाठी चिमटा सरकवायची वेळ झाली. ओळ राहिली.

"बाबा, बंद करू?" मुलगी लॅपटॉपपाशी पळत जाऊन ओरडली.

"नको! ओळ राहिलीय!"

पाचव्या फेरीतही तेच झालं. सहाव्याला त्यांनी "थां..." एवढं म्हटलं आणि चिमटा बोटावर बसला. सातव्या फेरीत डॉक्टरांचा आवाज इतका वर गेला, की तो डॉक्टरांचा राहिलाच नाही. शेवटी त्यांनी हात वर केले. तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या परिचारिका उठल्या. एव्हाना तीन ओळी सगळ्यांनाच पाठ झाल्या होत्या.

"जरा तरी थांब!" सगळं सभागृह गाऊ लागलं, आणि गाणं काही थांबेना. खुर्च्या बाजूला सरकल्या. एक सर्जन नाचू लागले. लोकांना वाटलं, काय बसवलंय, व्वा! मुलगी आनंदाने उड्या मारत होती. घामाघूम चष्मेवाले चिमटा पुढे पुढे रेटत होते, आणि खरं सांगायचं तर, त्यांना भीती वाटायची राहून गेली होती. असं आपण वाजवू शकतो, हे त्यांना कुठे ठाऊक होतं!

बाराव्या वेळी चिमटा सरकला तेव्हा गिटारचा गळाच संपत आला होता. पण बारा घरं चढल्यावर मूळचाच सूर वरच्या पट्टीत परत येतो. डॉक्टरांना एकदम आपला खर्ज सापडला. "एक ओळ तुझ्यासाठी," ते गरजले, "एक ओळ माझी..."

आणि संगीत बंद पडलं.

लॅपटॉपपाशी मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. बोट अजून बटणावर होतं.

"एकशे अडुसष्ट," पडद्यावरचा वेगाचा आकडा वाचून त्या म्हणाल्या. "माणसाची नाडी एवढी झाली असती तर मी धावत डॉक्टरांना बोलावलं असतं."

सभागृह चिडीचूप झालं. तीन ओळी झालेल्या. सगळे बघतायत. बत्तीस वर्षांपूर्वीचा दिवाणखाना जसाच्या तसा चष्मेवाल्यांपुढे उभा राहिला. मागच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरलासुद्धा.

पण आता हात मोकळा होता. चिमटा सरकवायचा नव्हता, ठेका पकडायचा नव्हता. त्यांनी चौथा कॉर्ड छेडला आणि हळू, जरा बेसूरच, म्हटलं:

"थांबलीस तर सांगेन तुला, गोष्ट अजून ताजी."

मोठ्या सिस्टरनी हातातली फुलं लॅपटॉपवर ठेवली आणि पदराने डोळे टिपले. मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला, त्यात सर्जन पुन्हा नाचू लागले.

घरी जाताना चष्मेवाले हवेत तरंगत होते. "पण असं झालं कसं गं?" ते मुलीला विचारत होते. "रोज तर एका सुरात वाजायचं!"

"कुणीतरी वेबसाइटवरच्या 'सराव' लिहिलेल्या चौकटीत खूण केली होती. ती केली की दर फेरीला वेग आणि सूर वाढतो."

"मी केली," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

दोघंही रस्त्यात थांबले.

"काल ड्यूट्या लावायला बसले तर हे गाणं उघडंच होतं. बाजूला आकडा होता, मिनिटाला साठ ठोके. मी म्हटलं, नाडी फारच मंद आहे. सकाळी सराव कराल तेव्हा जरा वाढेल."

"म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं?"

"चौथी ओळ सोडून."

चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला. ते छाती काढून चालू लागले. "मग? आता तरी अर्धवट नाही ना म्हणणार?"

"नाही हो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "गॅलरीची खिडकी तेवढी राहिलीय. उद्या तिलाही ती सरावाची खूण करते."