फॅमिली येतीया मागनं

एकट्या माणसाने हॉटेलच्या फॅमिली रूममध्ये बसू नये, हा नियम सगळीकडे पाळला जातो आणि पोपटनानांनी तो आयुष्यभर मोडला. बाहेर 'परमिट रूम व जेवण' अशी पाटी असलेलं कुठलंही हॉटेल असो, नाना आत शिरायचे, पिणाऱ्यांच्या टेबलांमधून वाट काढायचे, प्लायवूडच्या पार्टिशनचा पडदा सारायचे आणि फॅमिली रूममधलं कोपऱ्यातलं टेबल धरायचे. वेटर धावत मागोमाग.

"काका, हितं फॅमिली बसती. तुमची फॅमिली कुठंय?"

नाना टोपी काढून टेबलावर ठेवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "येतीया मागनं."

फॅमिली कधीच आली नाही. नाना जेवायचे, हात धुवायचे, बडीशेप तोंडात टाकायचे आणि निघायचे. वेटर नवा असला तर शेवटपर्यंत पडद्याकडे बघत राहायचा. जुना झाला की गंमत म्हणून मुद्दाम विचारायचा. नाशिकपासून सोलापूरपर्यंत कितीतरी वेटर नानांना याच एका वाक्याने ओळखतात.

पोपटनाना म्हणजे पिंपरी पेंढारचे माझे शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक गोठा आणि एक भांडखोर कुत्री, एवढंच अंतर. त्यांची सगळी नोकरी फवारणीचे पंप विकण्याच्या फिरतीत गेली. मी जनावरांची औषधं विकतो, म्हणजे माझीही फिरतीच. हा शब्द ज्याने काढला त्याने ती केलेली नसणार. फिरती म्हटलं की माणूस हिंडतोय, मजेत आहे असं वाटतं. प्रत्यक्षात माणूस थांबलेला असतो. डेअरीच्या ओट्यावर थांबलेला, डॉक्टरच्या दारात थांबलेला, पंक्चरच्या दुकानात थांबलेला. संध्याकाळी लॉजच्या गादीवर पाठ टेकली की आपण आज नक्की कुठे आहोत हे आठवायला जरा वेळ लागतो.

मी ही नोकरी धरली त्या दिवशी नाना चहाची कपबशी हातात घेऊनच आमच्या ओट्यावर आले.

"ऐक भाऊ," ते म्हणाले, "लॉजवर खोली घेताना किचनच्या वरची घ्यायची, बारच्या वरची न्हाई. किचन झोपतं, बार झोपत न्हाई. खोलीत गेलं की आधी कडी बघायची, गादी मागनं. गादी वाईट आसली तर पाठ दुखती. कडी वाईट आसली तर पावणं येत्यात. अन वेटरला 'काय चांगलं हाय' आसं कधी इचारू नये. त्यो म्हाग आसल त्ये सांगतो. 'तू काय खाल्लंस' म्हणून इचारावं."

"आणि बसायचं कुठे?"

"फॅमिली रूममधी. तिथला पंखा चालतो. कुणी गळ्यात पडून रडत न्हाई. फकस्त दाराकडं तोंड करून बसू नये. येणारी-जाणारी मानसं बघत बसलं की घर आठवतं."

हे शेवटचं त्यांनी इतक्या पटकन सांगितलं की मी तेव्हा हसलो. पुढे दाराकडे तोंड करून दोन-चारदा जेवलो आणि मग टेबल बदललं.

नाना नेमके बारमध्येच का जेवायचे, याचं त्यांचं शास्त्र होतं. "साध्या हॉटेलातलं गिऱ्हाईक काय आसल त्ये गिळतं अन पळतं. पिणाऱ्याचं तसं न्हाई. त्याला भाजी न्हाई आवडली तर त्यो ताटच भिरकावतो. म्हणून परमिट रूमचा आचारी भिऊन रांधतो. भिऊन रांधलेल्या अन्नाला लई चव आसती."

या शास्त्रापायी त्यांनी असे असे बार पाहिले होते की ऐकणाऱ्याने खरं मानावं की चहा मागवावा हे कळू नये. एक बार कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये होता. लांबच लांब, छप्पर खाली, बल्ब डोक्याला लागतील असे, आणि अजूनही मधूनच ग्लासात एखादं पीस पडायचं. दुसऱ्या एका बारात गल्ल्यावर मालकाची आई बसायची. दुसऱ्या पेगनंतर ती गिऱ्हाइकाला त्याच्या बापाचं नाव विचारायची, आणि ओळख निघाली की तिसरा द्यायची नाही. धंदा बसला, पण म्हातारीला उठवायची कुणाची छाती झाली नाही. कळंबच्या अलीकडे म्हणे एक बार जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेवरच होता. एका तालुक्यात मतदानाची दारूबंदी असली की मालक टेबलं उचलून दुसऱ्या तालुक्यात मांडायचा. मी या रस्त्याने रोज जातो, मला तो कधी दिसला नाही. "आता त्यो मधीच बंद पडला," नाना म्हणाले.

बिबट्याच्या बाराची गोष्ट मात्र खरी आहे, कारण तिथे मीही अडकलो होतो. चहूबाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. दिवस मावळला की मालक कुणालाही एकट्याने बाहेर सोडत नाही. एकाच बाजूला जाणारे चार गडी जमले की मगच बिलं फाडतो. म्हणजे तुमचं पिऊन झालं तरी तुमच्या वाटेचे बाकीचे तिघे उठेपर्यंत बसून राहायचं, आणि बसलं की माणूस पुन्हा मागवतो. मालकाचा यात तोटा नाही. अशा घोळक्यात नाना असले की मालक बॅटरी त्यांच्याच हातात द्यायचा, कारण सरळ चालणारे ते एकटेच असायचे.

आता मुख्य गोष्ट. नाना पीत नसत. कधीच नाही. सोड्याची बाटली, अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ, एवढंच त्यांचं. ते स्वतःच हे सांगायचे आणि ऐकणारा डोळा मिचकावायचा. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणणार. पिंपरी पेंढार, ओतूर, आळेफाटा, सगळीकडे नाना म्हणजे पट्टीचे पिणारे, फक्त पचवतात चांगलं, अशी ख्याती झाली होती. नानांना तिचं फारसं काही वाटत नसे. गावाने काय म्हणायचं ते म्हणावं. त्यांना खुपायचं ते एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण घरात होतं.

नानींचाही विश्वास नव्हता.

नानी म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि नवरा परगावी असताना शेत, गाई आणि पोरगा एकटीने ओढलेली बाई. पोरगा आता चाकणला कंपनीत आहे. नानी कधी भांडल्या नाहीत. नाना फिरतीवरून आले की त्या पाण्याचा तांब्या आणायच्या आणि तो नानांच्या हातात न देता खाली जमिनीवर ठेवायच्या. बास, एवढंच. तांब्या उचलायला नाना वाकायचे. मी शेजारून हे कितीदा पाहिलंय. एकदा नानांनी देवाची शपथ घेतो म्हटलं, तर नानी म्हणाल्या, "देवाची शपथ प्यालेलाच घेतो."

मग नाना निवृत्त झाले. कंपनीने शाल दिली, नारळ दिला, आणि नाना कायमचे घरी आले. घरी त्यांना जागाच नव्हती. जागा होती, पण नानींच्या दिवसात ती कुठेतरी आड यायची. ओट्यावर बसले की "उठा, झाडायचंय". खाटेवर बसले की "उठा, गोधड्या उन्हात टाकायच्यात". टीव्हीसमोर बसले की "जरा उठा, गाईचं खाद्य तिथंच ठिवलंय". नानी रागाने बोलायच्या नाहीत. इतकी वर्षं त्या वेळेला तिथे कुणी बसलेलं नसायचं, एवढंच. त्या मला म्हणाल्यासुद्धा, "ह्ये घरात आसलं की मला पावणं आल्यावानी वाटतं. कवा जातील आसं न्हाई रे म्हणत मी. पण पावणंच वाटतं."

नाना माझ्या गाडीत येऊन बसायला लागले ते तेव्हापासून. "चल, येतो तुझ्याबरुबर, वाट दावतो." वाट मला पाठ होती. तरी मी दार उघडून द्यायचो. माझाही त्या रस्त्यांवर कंटाळून जीव अर्धा झाला होता, आणि बाजूला कुणीतरी खोटंनाटं बोलत बसलेलं बरं वाटायचं. दुपारी आम्ही कळंबला जेवायचो. तिथला वेटर वसंता, केस पिकलेला, नानांना जुना ओळखणारा. पडदा सारत तो विचारायचा, "नाना, फॅमिली?" आणि नाना म्हणायचे, "येतीया मागनं." आता नोकरी नव्हती, दौरा नव्हता, पण वाक्य तेच.

गेल्या उन्हाळ्यात नानींचे गुडघे फारच धरले. दरवर्षी लेण्याद्रीच्या पायऱ्या न थांबता चढणारी बाई, तिला गोठ्याचा उंबरा चढवेना. मी दोघांना मंचरच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि बजावलं की उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, आणि पहिली आत्ताच घ्या. येताना कळंब आलं. नाना पुढच्या सीटवर चुळबुळ करायला लागले.

"हितं थांबू या का जरा? तिला कायतरी खायला पायजे."

नानींनी काचेतून पाटी वाचली. त्यांना अक्षरं जोडून वाचता येतात, हळूहळू. 'परमिट रूम' वाचून झाल्यावर त्यांनी माळेला हात लावला.

"मी गाडीतच बसते," त्या म्हणाल्या. "तुमी जाऊन या. मला बाहेर आणून द्या काय ते."

मी गाडी लिंबाच्या सावलीत लावली. नाना उतरले, दार लावलं, पुन्हा उघडलं, काच थोडी खाली केली आणि मग आत चालू लागले. मी मागोमाग. वसंताने सवयीने पडदा सारला.

"नाना, फॅमिली?"

"येतीया मा..." नाना म्हणाले आणि थांबले. फॅमिली पन्नास पावलांवर गाडीत बसली होती आणि येणार नव्हती. एवढी वर्षं बिनदिक्कत मारलेली थाप त्यांना त्या दिवशी पुरी करता येईना. ते खाली बसले. आणि मी पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा ते दाराकडे तोंड करून बसले होते.

मी मेनूकार्ड उगाच उलटंसुलटं करत राहिलो. तेवढ्यात पलीकडे पिणाऱ्यांच्या खोलीत एकदम आवाज कमी झाला. टेबलांना धरत, पदर डोक्यावर ओढून, नानी येत होत्या. दोन गडी खुर्च्या सरकवून उभे राहिले. एकाने ग्लास टेबलाखाली लपवला.

"गाडीत ऊन लागाया लागलं," नानी म्हणाल्या. गाडी सावलीत होती. मला वाटतं, त्यांना ती जागा एकदा डोळ्यांनी बघायचीच होती.

वसंता नानांकडे बघत राहिला, मग नानींकडे. नाना धडपडून उठले. "त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. हितं बस. पंखा डोक्यावर नको घेऊ, मान धरती. पाय ह्या फळीवर ठेव." सगळ्या जगाला वाटलेले सल्ले एकदम एकाच माणसावर येऊन पडले. नानी मुकाट्याने सांगतील तिथे बसल्या.

"नानींना काय आणू?" वसंताने विचारलं.

"चहा. साखर जास्त," नाना म्हणाले.

"साखर सोडली मी," नानी म्हणाल्या. "पोरग्याच्या लग्नाच्याबी आधी."

वसंताने नानींसाठी वरणभात आणतो म्हणून सांगितलं, आणि जाता जाता, बिचाऱ्याच्या मनात काही नसताना, सवयीने विचारून गेला, "अन नाना, तुमचं नेहमीचंच ना?"

नेहमीचं. बारमध्ये या शब्दाचा अर्थ काय होतो ते नानींनासुद्धा कळत होतं. त्यांचा चेहरा असा मिटला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. शपथ घेण्यासारखं तर नानांकडे काही उरलंच नव्हतं.

वसंता परत आला. त्याने टेबलावर ग्लास ठेवला, सोड्याची बाटली ठेवली, बशीत अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ. बाटली फोडली, लिंबू पिळलं, मीठ टाकलं, फेस वर आला तसा ग्लास जरा तिरका धरला. विचारायचं काही कारण नव्हतं, हात आपोआप चालत होते. मग ग्लास नानांपुढे सरकवून तो गेला.

नानींनी तो ग्लास उचलला. आधी नाकाशी धरला. मग एक घोट घेतला, थांबल्या, अजून एक घेतला. सोडा नाकात गेला आणि त्यांना ठसका लागला.

"निस्ता सोडा हाय," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, जसं काही मीच इतकी वर्षं नाही म्हणत होतो.

"मंग काय सांगत व्हतो मी," नाना हळूच म्हणाले.

"मंग ह्या असल्या जागंला बसायचात कशाला?" नानींचा आवाज फाटला होता. "एवढी वर्षं. लोकं काय काय बोलायची. मी काय काय..."

"हितं कुणी उठ म्हणत न्हाई," नाना म्हणाले. "जेवन झालं तरी. लॉजच्या खोलीत जाऊन भिताडाकडं बघायचं, त्यापरीस..."

नानींनी पदराने डोळे पुसले, मग त्याच पदराने ग्लासाचा काठ पुसला आणि ग्लास नानांच्या हातात दिला. खाली ठेवला नाही. हातात दिला. नानांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

वरणभात झाला, गोळी घेऊन झाली. मला अजून नारायणगावचा एक डॉक्टर गाठायचा होता. मी घड्याळ बघितलं, ते नानांनी पाहिलं आणि ते लगबगीने टोपी घालून उठायला लागले.

"बसा की," नानी म्हणाल्या. "उठा कोण म्हणतंय."