जावयाची रडकी गाडी

सासरवाडीत, घनसावंगीत, त्रिंबकचा मान त्याच्या जुन्या मारुतीवर टिकून होता. बाकीचे जावई बसने, नाहीतर जीपला लटकून यायचे. हा एकटाच गाडीवाला जावई. त्यामुळे नवीन जालना भागातल्या गॅरेजात सर्जेराव मिस्त्रीने पुढचं चाक काढून ब्रेकची डिस्क त्याच्या नाकापुढे धरली, तेव्हा ती सासरवाडीतली अब्रूच होती म्हणा. आणि ती पातळ झाली होती.

“कंपनीची टाका, सायेब. बराबर बसती,” सर्जेराव म्हणाला. “लोकल बी हाय, पण ती मी टाका म्हणणार न्हाई.”

“अन् हीच लेथवर साफ केली तर?”

“चालंल. पण रडंल.”

“रडंल म्हणजे?”

“गाडी थांबंल, फक्त आवाज करंल. माणूस बी म्हातारपणी करतोच की.”

त्रिंबक बियाणे कंपनीत होता. घरचं बी पेरू नका, नवं घ्या, असं तो वर्षभर शेतकऱ्यांना सांगत फिरायचा. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याने ऑफिसात विचारलं, शेजारी विचारलं, पानटपरीवरही विचारलं. कुणी कंपनीची म्हणालं, कुणी लोकल. शेवटी कुणाचंच मन न मोडता त्याने जुनीच साफ करून घेतली.

“पाव्हण्यावानी रोज गॅरेजात जाऊन राह्यले, अन् आणली तीच?” बायको, गोपिका, म्हणाली.

गाडी थांबायची बराबर. पण थांबताना बारीक आवाजात सुरुवात करायची, हळूहळू वर चढवायची, मध्येच एक हुंदका द्यायची आणि शेवट लांबवायची.

त्याच आठवड्यात घनसावंगीहून फोन आला. सासऱ्यांनी, पुंजारामांनी, अन्न सोडलंय, भेटून घ्या. गोपिका वाटभर तोंडाला पदर लावून बसली होती.

मयताच्या घरी लेक येते, ती गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढत येते. हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक. नेमकी गल्लीच्या वळणावर म्हैस आडवी आली, त्रिंबकने ब्रेक दाबला, आणि गाडीने गळा काढला.

शेजारच्या आसराबाई भाकरी थापत होत्या. “गोपी आली,” असं म्हणून त्या पिठाच्या हातानेच बाहेर आल्या. “गेला गं माझा पुंजादादा,” म्हणत त्यांनी गाडीला साथ दिली. आसराबाईंच्या गळ्यावर गल्लीचा पूर्ण विश्वास होता. घरोघरच्या चुली विझल्या. कुणी बांबू आणायला धावलं. एक जण मोटारसायकल काढून पुंजारामांच्या थोरल्या मुलाला, अप्पारावला, कळवायला अंकुशनगरच्या कारखान्यावर सुटला.

त्रिंबक खाली उतरून सांगू लागला, “अहो, ब्रेक आहे तो. डिस्क पातळ झाली...”

एका म्हाताऱ्याने त्याला छातीशी धरलं. “धीर धरा, जावईबापू. दुःखात माणूस कायबी बोलतो.”

आत सासूबाई, द्वारकाबाई, नवऱ्याला चमच्याने पेज पाजत होत्या. बाहेरचा आकांत ऐकून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. पुंजारामांचं तोंड पेजेसाठी उघडंच होतं. आपल्याला न सांगताच गेले की काय, असं वाटून त्यांनीही हंबरडा फोडला.

“कोण गेलं?” पुंजारामांनी पेज गिळून विचारलं.



गोपिका आत जाऊन बाहेर आली. “बाबा पेज पिऊन राह्यले,” ती म्हणाली. आसराबाईंचा सूर वरच्या वर अडकला. तोवर बांबू येऊन ओसरीला टेकले होते.

सगळ्यात शेवटी अप्पाराव आला. वाटेतच न्हावी गाठून त्याने डोकं, मिशी, सगळं उतरवून घेतलं होतं. पुंजारामांनी त्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिलं.

“वाट तरी पाह्याची व्हती, अप्पा.”

मग त्यांची नजर त्रिंबककडे वळली. “जावईबापू, गाडीला चांगलं लोखंड घाला. मी जाईन तव्हा गुपचूप या.”

दुसऱ्याच दिवशी त्रिंबकने कुणालाही न विचारता कंपनीच्या नव्या डिस्का टाकल्या. गाडी अशी थांबू लागली, की आत बसलेल्यालाही कळू नये.

अप्पारावच्या डोक्यावर भांग पाडण्याइतके केस आले आणि पुंजाराम खरोखरच गेले.

त्रिंबक सांगितल्याप्रमाणे आला. गाडी गर्दीच्या मागे येऊन थांबली, हूं नाही की चूं नाही. ओसरी बायकांनी भरलेली, म्हणून गोपिका परसदाराने आत गेली आणि वडिलांच्या पायाशी नुसती बसली. ती आल्याचं ओसरीवर कुणाला कळलंही नाही.

ओसरीवरही सगळं गप्प होतं. मागच्या खेपेचा आसराबाईंनी धसका घेतला होता; लेकीची गाडी वाजल्याबिगर कुणी तोंड उघडायचं न्हाई, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. अप्पाराव तर न्हाव्यापुढे बसायलाच तयार नव्हता. “आधी बराबर बघून घ्या,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सगळे गल्लीच्या तोंडाकडे कान लावून बसले होते.

बऱ्याच वेळाने आसराबाईंची नजर मागे उभ्या असलेल्या गाडीवर गेली.

“ही कव्हा आली?”

“मघाच आलो, मावशी,” त्रिंबक म्हणाला.

आसराबाईंनी गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. शेजारच्या बाईकडे वळून त्या हळूच, म्हणजे अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाल्या,

“पाह्यलं का. सासरा गेला, अन् जावयाची गाडी बी रडली न्हाई.”