अग्निगडावरची पंगत

"इतिहास समुद्रपुराले विसरला असंल, पण उद्या समुद्रपूर इतिहास घडवनार!" प्रेमदासांनी खाटेवरून घोषणा केली.

"डोये उघडा," त्यांच्या बायको शोभाबाई म्हणाल्या, आणि इतिहास घडवणाऱ्याच्या डोळ्यात दोन थेंब टाकले.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी आठ दिवस मोबाइल बघायला बंदी केली, आणि नेमका त्याच आठवड्यात अग्निगड पडायला आला! 'सप्तदुर्ग' हा राजे-राक्षसांचा ऑनलाइन खेळ. काढणारी कंपनी केव्हाच बुडाली. पण एकवीस भाविकांनी तो आपल्या कॉम्प्युटरांवर जगवला, मराठीतही आणला. दिवसाला प्रत्येकाची एकच चाल. केळझरच्या गजेंद्रच्या अग्निगडाला प्रेमदासांनी एकशे चार दिवस वेढा घातला होता. आत धान्य संपलेलं. आज 'वेढा कायम' एवढं दाबलं, की अकरा वर्षांतला पहिला विजय!

"दाबलं?" त्यांनी मोबाइल हाती दिलेल्या शोभाबाईंना विचारलं.

"थांबा ना, वाचून राह्यली." शोभाबाई सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. तक्ता वाचल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नव्हती. "किल्ल्यात लेकरं किती हायेत, मालूम हाये का?"

"थे नुसते आकडे हायेत!"

"तीनशे बारा. उपाशी."

"अवं, शत्रूचे हायेत थे!"

"माह्या अंगनवाडीत सरपंचाच्या विरोधकाचं पोरगंबी जेवे."

मग बटण दाबल्याचा आवाज आला. चारदा. प्रेमदास समाधानाने आडवे झाले. चारदा दाबलं म्हणजे वेढा चांगलाच आवळला असणार!

सकाळी गजेंद्रचा फोन आला.

"काकाजी, आज मी शरण येऊन खेळच सोडनार होतो. अन् तुमी एकाच चालीत धान्याचे चारी कोठार पाठवून देल्ले! राजा असावा त असा! आता मरेपर्यंत खेळतो!"

प्रेमदासांनी फोन हळूच खाली ठेवला.

"चारी?"

"एका कोठारात पुरत नवतं."

"अन् आपले नऊ हजार सैनिक?"

"मोठे हायेत थे. अंगनवाडी सा वर्सापर्यंतच असते."

तिकडे अग्निगडावर पंगती उठत होत्या. इकडे वेढ्यातले वीर उपाशीपोटी, तलवारी टाकून घरची वाट धरू लागले होते. शोभाबाईंनी तो आकडाही वाचून दाखवला, नीट, दर तासाला.

दुपारपर्यंत प्रेमदास काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून बसले. मग घसा खाकरून म्हणाले,

"अवं... गजेंद्रले फोन लाव बरं. काई उरलं असंल, त आपल्या वेढ्यातल्या पोराईसाठी एक डबा भरून पाठव म्हनाव."