छान म्हणणाऱ्याला पुस्तक नाही

आमच्या वाचनालयात पुस्तक परत करताना ‘छान होतं’ म्हणालात की तुमचं संपलं. रंगारीकाका पुढचं पुस्तक देत नाहीत. "छान तर चहापण असतो. मुद्दा काय, मुद्दा?"

काका मूळचे भंडाऱ्याचे. सरकारी बदलीवर लखनौला आले ते पुस्तकांची ट्रंक घेऊनच. ती आधी निशातगंजला एका व्हरांड्यात उघडली. घरमालकाला ते भंगार वाटलं, म्हणून तिथून निघाली, आणि आता वृंदावन योजना या वसाहतीत बुद्धविहाराशेजारच्या खोलीत तिची चार कपाटं झाली आहेत. वाचनालयाचा इतिहास एवढाच, पण काका तो नव्या सभासदाला तासभर ऐकवतात.

माझ्या नवऱ्याने पाककृतींचं पुस्तक ‘छान’ म्हणून परत केलं, तर त्यालाही हाकललं. पुढच्या रविवारी "वांग्याच्या भरतात साखर सांगितलीय, काका" म्हणाला, तेव्हा कुठे सुटला. मग काय, लोक न वाचताच खोट काढायला लागले. कांबळेवहिनींनी ठोकून दिलं, "शेवट अगदीच फुसका."

"शेवटची पानं कधीच फाटलीत, वहिनी. मुद्दा काय?"

मागच्या महिन्यात समितीची बैठक झाली. पोरं मराठी वाचत नाहीत, खोली कोचिंगवाल्यांना देऊ, असं अध्यक्ष मेश्रामसाहेबांचं म्हणणं. मला वाटलं, काका आता त्यांना सोलून काढणार.

"द्या," काकाच म्हणाले. "नातू माझ्याशी हिंदीत बोलतो, लाघवी आहे. सून इथलीच, गुणाची आहे. पण तुमची मालतीकाकू गेल्यापासून घरात माझ्याशी मराठीत कोणी भांडत नाही जी. इथं निदान तुम्ही भांडता."

वाईट वाटलं की मला उगीच राग येतो. मी कपाटातली एक कादंबरी ओढली. "काका, ही भिकार आहे. नायिका शेवटी त्या नवऱ्याकडे परत कशाला जाते?"

"जाणारच. नीट वाच."

"काही गरज नव्हती," मेश्रामसाहेब मध्येच म्हणाले. "मला तर पुस्तक फेकून द्यावंसं वाटलं होतं."

काका खुर्ची सरकवून त्यांच्या पुढ्यात बसले. चहा दोनदा झाला, कांबळेवहिनीही वादात उतरल्या, तेही न वाचता.

निघताना मेश्रामसाहेबांनी चपला घालता घालता सांगितलं, "कोचिंगचं दुसरीकडे बघू. पण तिने परत जायला नको होतं, रंगारी."