घैसास सरांचे नाना

घैसास सर माझ्या तोंडाकडे कधी बघत नसत. ते माझ्या खांद्यांकडे बघत.

बुधवार पेठेतल्या एका बोळात आमचं डीटीपीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक पंखा. प्रिंटर चालू असला की पंखा बंद ठेवायचा, नाहीतर छापलेली पानं थेट रस्त्यावर जायची. सर आपलं हस्तलिखित घेऊन यायचे, स्टूल ओढून माझ्या पाठीमागे बसायचे आणि मी टाइप करत असताना माझे खांदे हलतात का ते पाहायचे. विनोदाच्या वाक्याला खांदे हलले, तर वाक्य राहिलं. नाही हलले, तर मागून आवाज यायचा, "शिंदे, मेलं हे. पुरून टाका."

पुरून टाका म्हणजे डिलीट.

"अहो सर, मला नसेल कळलं. बाकीच्यांना कळेल."

"तुम्ही बी.कॉम. झालेले आहात. तुम्हाला कळलं नाही, तर दोष वाक्याचा."

हे ऐकायला मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? माझे वडील मार्केट यार्डात हमाली करत. आमच्या घरात छापील कागद यायचा तो वाण्याच्या पुडीबरोबर. बी.कॉम.चं सर्टिफिकेट मी फ्रेम करून दारासमोरच लावलं होतं, येणाऱ्याला चुकवता येऊ नये म्हणून. आणि ग्रहण कसं लागतं हे मला शाळेने शिकवलं नाही, सरांच्या 'ढेकूण ते धूमकेतू' या पुस्तकाने शिकवलं. त्यामुळे त्या लेखकाने माझ्या पाठीमागे बसावं आणि माझ्या खांद्यांना मान द्यावा, ही माझ्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. लग्न केलं नव्हतं. 'प्रवासात तिघं झाली की भांडण होतं' एवढंच कारण सांगायचे. शबनम पिशवीत कायम शिंप्याची मोजपट्टी. जिथे मुक्काम केला तिथली खाट त्यांनी मोजलेली असायची. एका लॉजबद्दल लिहिलं होतं, 'खाट पाच फूट दोन इंच, मी पाच फूट सात. उरलेले पाच इंच मालकाने कोठे ठेवले होते, ते शेवटपर्यंत कळले नाही.' आमच्याही दुकानाची रुंदी पहिल्या दिवशीच मोजून झाली होती. "सहा फूट. बोगदा म्हणून चालेल."

पण मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्यांच्या प्रवासवर्णनांचे दिवस संपत आले होते. पुण्यातली पोरं धडाधड अमेरिकेला जायला लागली होती. सरांच्या खालच्या मजल्यावरचा एकजण प्रोजेक्टवर जाऊन आला, तर सर आशेने त्याच्याकडे चहाला गेले.

"काय काय पाहिलंस?"

"क्लायंटचं ऑफिस, काका."

"आणि?"

"वीकेंडला मॉल."

दुसऱ्या दिवशी सर दुकानात येऊन स्टुलावर बसले. मग म्हणाले, "शिंदे, सोळा तासांचं विमान, आणि एक वाक्य घेऊन आला नाही हो पोरगा." हसण्यासारखंच होतं ते. पण मी हसलो नाही, आणि त्यांनीही पाहिलं नाही.

त्याच सुमारास त्यांच्या पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची ठरली. 'प्रवाशांनी आपले सामान सांभाळावे' हे त्याचं नाव. जुन्या एसटीच्या प्रवासाचं पुस्तक. त्यात दोन भाऊ हिंडतात. एक स्वतः लेखक आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ नाना. पुस्तकातली सगळी गंमत नानाची. नाना चुकीच्या एसटीत चढतो, नाना कंडक्टरला सलाम ठोकतो. सगळ्यात गाजलेलं प्रकरण ट्रंकेचं. चहाच्या टपरीवर नाना ट्रंक विसरतो, बारा मैल चालत परत जातो आणि लगीनघरातली भलतीच ट्रंक उचलून आणतो. उघडतात तर आत कुणाच्यातरी मुलीचं रुखवत. लाडू, करंज्या आणि लोकरीचे पोपट.

पुस्तक जुन्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून छापलेलं, त्यामुळे सगळं नव्याने टाइप करायचं होतं. सर मागे बसले. नाना चुकीच्या एसटीत चढला आणि माझे खांदे हलले.

"पुरून टाका."

"सर, हसलो मी!"

"म्हणूनच."

मी खुर्ची वळवून बसलो. त्यांना पहिल्यांदा समोरासमोर विचारलं, काय प्रकार आहे. तेव्हा कळलं की नाना खरे आहेत, बिबवेवाडीत राहतात आणि अठरा वर्षं सरांशी बोललेले नाहीत. पुस्तक गाजलं तसं नानांच्या ऑफिसात त्यांना कुणी नावाने हाक मारेना, 'काय रुखवत' म्हणत. ते त्यांनी सोसलं. मग त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात मुलाचे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना, लग्नात आमच्या रुखवतापासून जरा लांबच बसा हां." मांडव हसला. मुलगीही हसली. त्या दिवसापासून नानांनी सरांना दार बंद केलं.

"आता मी त्याला पुस्तकातून बाहेर काढतो," सर म्हणाले. "माझं वय झालं, शिंदे. तो आला पाहिजे. एकदा तरी."

पुढचे आठ दिवस आम्ही नाना पुरत होतो. हसू येईल तो नाना जायचा, आणि हसू न येणारा नाना पुस्तकात नव्हताच. मी हसू दाबून पाहिलं, एखादा तरी वाचेल म्हणून. पण सर माझे दाबलेले खांदेही ओळखत. प्रकाशकांनी पानं चाळली आणि विचारलं, "नाना काढल्यावर उरलं काय? टाइमटेबल. ते एसटी फुकट लावते भिंतीवर." आवृत्ती तिथेच बारगळली. सरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी एकच प्रत छापून घेतली, स्पायरल बाइंडिंग करवलं आणि माझ्या हातात दिली. "तुम्ही तिकडचेच. घरी जाता जाता नानाला द्या. मी पाठवलं म्हणा. बाकी काही बोलू नका."

नाना दिसायला सरांसारखेच, फक्त जास्त वाळलेले. उभ्या उभ्याच त्यांनी पानं उलटली. एसटीचं प्रकरण शोधलं, ट्रंकेचं शोधलं. मग चष्मा काढला.

"म्हणजे मी गेलोच नव्हतो त्याच्याबरोबर?"

त्यांनी पानं मिटली.

"काढ असं मी कधी म्हटलं हो? ती ट्रंक तो विसरला होता. चुकीच्या गाडीत तो चढला होता, मी ओढून उतरवला. टपरीवर बारा मैल परत मी गेलो, आणि आमचीच ट्रंक डोक्यावर घेऊन आलो. रुखवत बिखवत काही नव्हतं. धांदरट तो, आणि नाव माझं. एवढंच म्हणणं होतं माझं, की खरं काय ते लिही. त्याने मलाच पुसून टाकलं." त्यांनी वही परत माझ्या हातात ठेवली. "न्या. हसतात तरी होते लोक मला. यात तर मी जन्मलोच नाही."

आता हे सरांना सांगायचं कसं? मनात आलं, आवडलं म्हणून सांगावं आणि मोकळं व्हावं. पण मला ते जमत नाही. दुसऱ्या दिवशी सर आले, तेव्हा सगळं शब्दाला शब्द सांगून टाकलं. सर मागच्या स्टुलावर बसले होते. स्टूल करकरलं. मला वाटलं, उठून गेले की काय.

"टाइप करा," ते म्हणाले. हस्तलिखित नव्हतं. पहिल्यांदाच तोंडी सांगत होते.

'ट्रंक मी विसरलो. नाना काही बोलला नाही. तो आणायला परत गेला. मी मैलाच्या दगडावर बसून राहिलो. अंधार पडायला लागला तसं मला वाटलं, हा आता येणार नाही. नाना आला नाही तर कुठे जायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. मी रडलो.'

"सर, हे विनोदी नाही होत."

"नाही होत."

पुढचं वाक्य काही येईना. सर सांगायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. संध्याकाळ झाली. शेवटी मी तेवढाच एक परिच्छेद छापला आणि न विचारताच पिशवीत टाकला. त्यांनी पाहिलं, पण अडवलं नाही.

नानांनी दार अर्धंच उघडलं. "पुन्हा काय?"

मी कागद दिला. पाच-सहा ओळी वाचायला त्यांनी फार वेळ घेतला.

"रडला होता?" ते म्हणाले. "मी आलो तेव्हा दगडावर बसून मोजपट्टी गुंडाळत होता. मला म्हणाला, उशीर केलास."

त्यांनी कागद उलटून पाहिला.

"आणि पुढचं? कागद इथेच संपला."

"पुढचं सरांना सुचत नाही."

"सुचेल कसं? तो दगडावर बसला होता. त्या वाटेवर मी एकटाच होतो. कुत्री मागे लागली होती. एका धनगराने भाकरी दिली होती. त्याला काय माहीत?" दाराची कडी त्यांच्या हातातच होती. मग ती त्यांनी सोडली. "बसा. पेन आहे?"

पेन होतं, कागद नव्हता. मी सरांचाच कागद उलटा केला. नाना सांगायला लागले.